मागची भिंत

त्याचा दिवस पावणेचारला सुरू व्हायचा. घरात घड्याळ होतं, पण गजर कधी लावावा लागला नाही. पावणेचारला डोळा उघडायचा, चारला तोंड धुऊन तो दाराबाहेर, सव्वाचारला जाळीवर. पाच वाजता पंप सुरू होत. त्याआधी जाळी साफ हवी. नंतर करू म्हणून भागत नाही. पंपाने एकदा ओढ घेतली की पाला गजांना असा चिकटतो की एका माणसाला दोघांचं बळ लावावं लागतं. हे तो पहिल्या महिन्यातच शिकला. पुढची चौतीस वर्षं त्याला उशीर झाला नाही.

काम सांगायला सोपं. नदीचं पाणी शहराला जायचं. ते पंपघरात शिरायचं त्या तोंडावर उभ्या लोखंडी गजांची जाळी होती, दोन पुरुष उंच, बारा हात रुंद. पाला, काटक्या, शेवाळ, कुणाची चप्पल, सगळं तिथे येऊन अडायचं. ते दाताळ्याने वर ओढून काढायचं. अकरा फुटांचा दांडा, टोकाला सोळा दात. दाताळं तळापर्यंत सोडायचं, दात गजांच्या फटीत बसले की नाही ते हाताला कळायला हवं, मग वर घ्यायचं. खांद्याने ओढलं तर पाच वर्षांत खांदा जातो. गुडघे वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची आणि मांड्यांनी उठायचं. हात फक्त धरायला. या कडेपासून त्या कडेपर्यंत बेचाळीस ओढी. एकेचाळीस झाल्या की जाळी साफ दिसायची. तरी तो बेचाळिसावी ओढायचा.

सगळे त्याला दाताळे म्हणत. एका नव्या कारकुनाला ते आडनावच वाटलं आणि त्याने पगारपत्रकावर तसं लिहिलं. तीन महिने त्याने त्याच नावाने सही केली. पगार बरोबर येत होता. नाव दुरुस्त करायला अर्धी रजा कोण घालवणार?

पंपघरात मोटरवर एक मिस्त्री होता. अंगाने जाडा, तोंडाने त्याहून जाडा. तो खिडकीतून डोकं काढून म्हणायचा, "काय दाताळे, नदीची वेणीफणी झाली का?"

"झाली. तुझी मोटर उठली का?"

"माझी मोटर बायकोसारखी आहे. आधी कुरकुरते, मग कामाला लागते."

"वहिनींना सांगू?"

"सांग. ती म्हणेल, कुरकुरतो तो, कामाला लागते ती मी."

मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण ते डोकं त्या खिडकीतून अजून बाहेर येईल, असं त्याला कधीकधी वाटे.

पंप सुरू होताना दोघेही दोन मिनिटं गप्प राहत. खाली बंधारा होता, त्यामुळे जाळीपाशी पाणी जवळजवळ उभंच असे. पहिली ओढ बसली की ते उभं पाणी दचकून हलायचं आणि वरून येणारं तसं खालचंही थोडं मागे खेचलं जायचं. जाळीवर बदली माणूस आला की तो त्याला पहिलीच गोष्ट सांगायचा, "पंप चालू होताना पाय फाकून उभा राहा. पाणी दोन्हीकडून येतं." वीस मिनिटांत सगळं एका दिशेला लागायचं. मग तो पुढे, वरच्या अंगाला, नदीच्या वळणाकडे तोंड करून उभा राही. पंपघर पाठीशी. जे काही यायचं ते समोरून यायचं. चौतीस वर्षं तो असाच उभा राहिला.

त्याला कॅलेंडरची गरज नव्हती. हवा तापायला लागण्याआधी वाळकी लांबोळी पानं यायची, बोटींसारखी, देठ वर करून. त्यांच्यानंतर कापसासारखा उडता भुसा, जो दाताळ्याला सापडतच नसे. मग कोवळी फाटकी पानं, म्हणजे वर कुठेतरी वारा सुटलाय. थंडी पडली की शेवाळ कमी आणि काटक्या जास्त. एकदा एक आख्खं घरटं आलं, आत काही नव्हतं. दाताळ्यावर ओझं किती आणि कसं, एवढ्यावरून त्याला महिना सांगता यायचा. बायको हसायची. म्हणायची, "तुम्ही नदीचा कचरा बघून तारीख सांगता, आणि आपल्या लग्नाची तारीख मला सांगावी लागते."

वर्षातून आठ दिवस एक फूल यायचं. जांभळं, अंगठ्याच्या नखाएवढं, पाच पाकळ्यांचं, मध्ये पिवळा ठिपका. पाच वाजता पंप सुरू झाले की दिव्याच्या उजेडात ती फुलं दिसायची, शे-दोनशे, आणि साडेपाचला संपलेली असायची. पहिल्या वर्षी त्याने ती पाल्याच्या ढिगात टाकली. दुसऱ्या वर्षी एक उचलून सदऱ्याच्या खिशात घातलं आणि घरी बायकोला दिलं. तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते, आणि द्यायला दुसरं काही नव्हतं. तिने ते बशीत पाणी घालून ठेवलं. पुढे दरवर्षी आठ दिवस, आठ फुलं, तीच बशी. लेक लहान होती तेव्हा बशीपाशी बसून विचारायची, "बाबा, याचं झाड कुठे आहे?"

"वर."

"वर म्हणजे?"

"नदी येते तिकडे."

"तुम्ही पाहिलंय?"

"अजून नाही."

अजून नाही, हे खरं होतं. त्या आठ दिवसांत रजा मिळत नसे. तीच पानगळीची वेळ, जाळी दिवसातून चार वेळा भरायची, आणि अशा वेळी जाळी दुसऱ्याच्या हाती सोपवून झाड बघायला जाणं त्याच्या मनालाही पटलं नसतं. पण त्याने एक ठरवून टाकलं होतं. निवृत्त झालं की वरच्या अंगाला, त्या झाडाजवळ, दोन खोल्यांचं घर घ्यायचं. सकाळी उठायचं आणि झाडाखाली बसायचं. पाला पडला तर पडू द्यायचा. आपण उचलायचा नाही. दर महिन्याला त्याच्या पगारातलं थोडं, बायकोच्या पगारातलं थोडं, या घरासाठी बाजूला पडत गेलं.

बायको हॉस्पिटलच्या धुलाईघरात होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले. रक्ताचा डाग किती तासांचा आहे हे ती हात लावून सांगायची. तिचे गुडघे त्या ओल्या फरशीनेच खाल्ले.

दोघं राहत ती खोली पंपघराला लागूनच होती. पाणीखात्याच्या कामगारांची सहा खोल्यांची चाळ, त्यांची शेवटची. एक दार, दाराशेजारी एक खिडकी, दोन्ही रस्त्याकडे. मागची भिंत आंधळी. त्या भिंतीपलीकडे एकदम उतार आणि खाली पाणी. पोरं पडतील म्हणून बांधतानाच मागे खिडक्या ठेवल्या नव्हत्या. पलीकडच्या काठावर माणूसभर उंच वेत आणि कुंपण, त्यामुळे तिकडूनही कुणी इकडे बघत नसे. त्या भिंतीला बायकोने मांडणी लावली होती, आणि मांडणीवर ती बशी.

त्या भिंतीबद्दल बायकोची एक जुनी तक्रार होती. "अहो, मिस्त्रींना सांगा, मोटरला तेल घाला म्हणावं. भिंत घुमतेय."

"मोटर आहे, घुमणारच."

"एरवी नाही अशी घुमत. दरवर्षी मधेच आठ-दहा दिवस घुमते."

एकदा तर सुट्टीच्या दिवशी, दुपारी, मोटर थंड व्हायला बंद ठेवली होती तेव्हा ती म्हणाली, "बंद झाली तरी घुमतेय बघा." त्यावर तो म्हणाला, "तुझ्या कानात घुमतंय. धुलाईच्या यंत्रांत आयुष्य काढलंस, कान काय करतील?" तिने मिस्त्रीलाही विचारलं. मिस्त्रीने छातीवर हात ठेवला. "वहिनी, माझ्या मोटरवर संशय घ्या, पण ती झोपलेली असताना नको."

अशी वर्षं गेली. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. फोनवर म्हणायची, "इकडे या राहायला." तो म्हणायचा, "बघू." त्याचा अर्थ नाही असा होतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

निवृत्तीच्या वर्षी जाळीवर यंत्र बसलं. साखळीवर फिरणारं दाताळं. बटण दाबलं की आपोआप खाली जायचं, वर यायचं. ते बसवताना साहेबांनी त्याला बोलावलं. "बघा, कसं काम करतं."

त्याने पूर्ण एक फेरी पाहिली. म्हणाला, "शेवटची ओढ सोडतंय."

"म्हणजे?"

"डाव्या कडेला हातभर राहतंय. पंधरा दिवसांनी तिथे गोळा होईल."

पंधरा दिवसांनी झाला. पण तोवर तो निवृत्त झाला होता. निरोपाच्या दिवशी साहेबांनी हार घातला आणि एक कागद दिला. चाळीतल्या खोल्या खातं विकणार होतं. राहणाऱ्याला पहिला हक्क. महिनाअखेरपर्यंत घ्या, नाहीतर रिकामी करा.

"रिकामी करतो," तो म्हणाला. बायको शेजारी उभी होती. घरी येऊन तिने मांडणी पुसली, लागतो त्याहून जास्त वेळ.

निवृत्त झाल्यावरही डोळा पावणेचारलाच उघडायचा. तो जाळीवर जाऊन उभा राही, हात मागे बांधून. यंत्रवाला त्याला काही म्हणत नसे. आणि अठराव्या दिवशी, पाच वाजता, फुलं आली. त्याने एक उचललं, खिशात घातलं, घरी येऊन म्हणाला, "चल. आलंय. आठ दिवस आहेत."

"माझे गुडघे?"

"हळू जाऊ."

"तुमचं हळू मला माहीत आहे," ती म्हणाली, पण पिशवी भरायला लागली होती.

बसने ते नदीच्या वरच्या अंगाला गेले आणि तिथून काठाकाठाने चालायला लागले. तो पुढे, ती मागे, मध्ये पन्नास पावलं. मधेच बसून तो पाण्याकडे बघायचा. पाणी स्वच्छ होतं. वाळकी लांबोळी पानं देठ वर करून चालली होती, ओळखीची. ही आता खाली जाळीवर जातील आणि यंत्र त्यांतली डावीकडची सोडेल, असं त्याच्या मनात आलं. एवढं पाणी त्याने जन्मात असं बसून पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते उभ्याने, हातात दांडा घेऊन. बसून पाहिलेलं पाणी वेगळं असतं. ते तुमच्याकडे येत नाही, नुसतं जातं.

जांभळं काही दिसलं नाही. एका नावाड्याला त्याने फूल दाखवलं. नावाड्याने ते उलटसुलट केलं. "आमच्याकडे नाही. वर बघा."

दुसऱ्या दिवशी आणखी वर. तिथे मेंढ्या पाण्यावर घेऊन आलेला एक म्हातारा म्हणाला, "जांभळं पाहिलंय मी. पण ते डोंगराच्या पलीकडे, नदीपासून चार कोस. तिथून ते तुमच्या नदीत यायचं तर त्याला बसचं तिकीट काढावं लागेल." बायको हसत खाली बसली आणि मग तिला उठायला वेळ लागला. त्या दिवशी ते चहावाल्याच्या माळ्यावर मुक्कामाला राहिले. ती गुडघ्यांना तेल चोळत होती आणि तो खिडकीतून अंधारात वाहणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहावाल्यानेच एक घर दाखवलं. नदीला लागून, दोन खोल्या, पुढे ओटा. मालक एक निवृत्त मास्तर, मुलाकडे जायला निघालेले. घर बरं होतं. त्याने भिंतींवर मूठ आपटून पाहिली, पन्हळ पाहिली, नदीकडे जाणाऱ्या पायऱ्या मोजल्या. अकरा. आजूबाजूला झाडं पुष्कळ होती. फुललेलं एकही नव्हतं.

"आज इसार द्या," मास्तर म्हणाले. "परवा दुसरा एकजण येतोय."

तो ओट्यावरून उठला आणि बायकोजवळ आला. ती पायरीवर बसली होती, पाय पाण्यात सोडून. "इथूनच येत असणार," तो म्हणाला. "अजून थोडं वर असेल, चार-सहा मैल. घर घेऊन ठेवू, झाड मग शोधू. देऊ ना इसार?"

"थांबा," ती म्हणाली. "तीन दिवस आपण पाण्याकडे बघतोय. एक तरी फूल वाहताना दिसलं?"

"नाही दिसलं."

"आणि आपण निघालो त्या दिवशी खाली शे-दोनशे आली होती."

त्याने खिशातलं फूल बाहेर काढलं.

"मला झाडातलं कळत नाही," ती म्हणाली. "भिजलेल्यातलं कळतं. तुम्ही फूल आणता ना, बशीत ठेवलं की त्याची पिवळी पूड बशीच्या काठावर पडते. दरवर्षी मी ती पुसते. चार-सहा मैल भिजून आलेल्या फुलात कोरडी पूड राहते का? पाकळीला डाग नाही, कड मऊ नाही. तासभर पाण्यात पडलेला रुमालसुद्धा मला सांगतो की मी तासभर पाण्यात होतो. ते फूल वाहत्या पाण्यात पाव ताससुद्धा नसतं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, जाळीवरचे तुम्ही. तुम्हाला माहीत असणार."

तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. पाच ते साडेपाच. फक्त तेवढाच वेळ. पंप सुरू होताना. पाय फाकून उभा राहा, पाणी दोन्हीकडून येतं. किती जणांना त्याने हे सांगितलं होतं! आणि उभा राहिला होता तो स्वतः, वरच्या अंगाला तोंड करून.

"खालून येतंय ते," तो म्हणाला. "पाठीमागून."

बायकोने पाय पाण्यातून काढले, पदराने पुसले. "म्हणजे काखेत कळसा..."

"पुढचं म्हणू नकोस."

"नाही म्हणत," ती म्हणाली, आणि बसमध्ये बसेपर्यंत खरंच म्हणाली नाही. बस सुटल्यावर म्हणाली.

मास्तरांना इसार दिला नाही. घरी पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. मोटर बंद होती, थंड व्हायला. तिने कुलूप काढलं, पिशवी खाली ठेवली आणि उभी राहिली. मग मांडणीवरची बशी उचलून बाजूला ठेवली आणि भिंतीला कान लावला.

"अहो."

त्यानेही कान लावला. भिंत घुमत होती. बारीक, एकसारखी.

"मोटर बंद आहे," ती म्हणाली. "आणि माझे कान चांगले आहेत."

त्याने मांडणी उतरवली. छिन्नी आणि हातोडी काढली. "खोली आपली नाही," ती म्हणाली, "भिंत काय फोडताय?" "एकच वीट," तो म्हणाला. घाईने मारलं तर वीट फुटते आणि शेजारची हलते. त्याने चारही बाजूंचा चुना आधी खरवडून काढला, मग छिन्नी आडवी धरून हलके ठोके दिले. वीट शाबूत बाहेर आली. बारा मिनिटं लागली. मग बाहेरच्या थराची दुसरी वीट काढावी लागली. तिला वीस.

भोकातून पहिली आत आली ती एक मधमाशी. खोलीत एक फेरी मारून ती बशीवर बसली.

"तुम्ही बघा आधी," बायको म्हणाली.

"तू बघ. तुझ्या भिंतीत घुमत होतं."

तिने डोळा लावला. मग बाजूला झाली आणि त्याने पाहिलं. भिंतीच्या पायाशी, दगडाच्या सांध्यातून झाड निघालं होतं. वर न वाढता पाण्यावर आडवं वाकलेलं, म्हणून छपरावरून कधी दिसलं नाही, आणि पंपघराच्या कोपऱ्याआड असल्याने जाळीवरूनही नाही. जांभळं होतं. पान दिसत नव्हतं, इतकं. सगळं झाड मधमाश्यांनी हलत होतं. एक फांदी भिंतीच्या बाजूने वर आली होती, हात लांबवला असता तर लागली असती. खालच्या उभ्या पाण्यावर फुलं पडलेली होती, निश्चिंत, पंपाची वाट बघत.

त्याच्या उशीपासून ते झाड चार हातांवर होतं. चौतीस वर्षं.

त्याला राग येईल असं बायकोला वाटलं होतं. तो खाली बसला आणि विटा मांडीवर घेऊन, चुना झटकत, हसायला लागला. "मिस्त्री असायला हवा होता," तो म्हणाला.

"त्यांच्या मोटरला मी उगाच तेल पाजत होते," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिने पदराने पुसलं आणि त्याच पदराने बशीचा काठही.

महिनाअखेरीला दोन दिवस उरले असताना त्याने खात्यात जाऊन खोलीचा कागद केला. मागे खिडकी नाही म्हणून किंमत कमी लावली होती. साहेबांनी विचारलं, "तुम्ही तर रिकामी करणार होतात?" तो म्हणाला, "बघत होतो." मग गवंडी बोलावला. गवंड्याने मागे खिडकी कशाला, वास येईल, ओल येईल, असं सांगून पाहिलं. त्याने गवंड्याला चहा दिला आणि आधीची वीट किती वेळात निघाली होती ते सांगितलं. गवंडी कामाला लागला.

पावणेचारला अजून डोळा उघडतो. आता तो जाळीवर जात नाही. चहा करतो, दोन कप, आणि बायकोला उठवतो. पाच वाजता पंप सुरू होतात, खालचं उभं पाणी दचकतं, आणि त्या आठ दिवसांत फुलं एकामागून एक उलटी चालायला लागतात, कोपऱ्याकडे, जाळीकडे. दोघं ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहतात. बशी रिकामी असते. उचलून आणायची गरज उरलेली नाही.

चौतीस वर्षं त्याने जाळी ओढली आणि तिने चादरी पिळल्या. त्या मजुरीतून शेवटी आली ती एक खिडकी. तीन फूट रुंद, चार उंच. पल्ले आत उघडणारे, कारण बाहेर फांदी आहे.